आठ दिवसांच्या बोलीवर

॥ श्री म्हातोबा प्रसन्न ॥

हिंजवडी,
८ ऑगस्ट २००४

चि. शेफाली हिस आबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझं पत्र परवा मिळालं. शेवटून दुसऱ्या ओळीत, कागद उरला म्हणून लिहावं तसं, तू लिहिलं आहेस की वर्गातल्या बऱ्याच मुलींकडे लॅपटॉप आहेत, आपल्याकडे असता तर बरं झालं असतं. तुझी आई म्हणते, पोरगी नुसतं बोलून गेली. मी म्हणतो, लेक मागते ती अशीच मागते. तेव्हा घ्यायचा हे नक्की झालं. कोणता घ्यायचा एवढंच राहिलंय, आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

फोनवर विचारलं असतं. पण वसतिगृहाच्या फोनवर तू 'हो आबा, बरं आबा' करतेस, मागे रांगेतल्या मुली खोकतात आणि माझा प्रश्न राहून जातो. कराड काही सातासमुद्रापार नाही, पत्र चार दिवसांत पोचतं. म्हणून लिहायला बसलो.

आधी आपल्या वरच्या मजल्यावरच्या श्रीनिवासला विचारलं. हैदराबादचा पोरगा, आपल्याकडे भाड्याने राहतो, रोज कंपनीच्या बसने जातो-येतो, म्हणजे त्याला कळत असणार. त्याने उलट मलाच विचारलं, की रिक्वायरमेंट काय आहे. मी म्हटलं, लॅपटॉप. तो म्हणाला, ते कळलं काका, पण रिक्वायरमेंट काय. असं बराच वेळ चाललं. तेवढ्यात माझा पुतण्या, तुझा इंद्रजीतदादा, गाडीची किल्ली बोटावर फिरवत आला आणि म्हणाला की सगळ्यात महागातला घ्या, विषय संपला. जमिनी गेल्यापासून त्याचे सगळेच विषय लवकर संपतात.

मला श्रीनिवासचं पटलं. चाकणच्या बाजारात बैल घ्यायला गेलो की मी तरी आधी काय बघायचो? बैल औताला हवा की गाडीला. औताचा बैल गाडीला जुंपला की रडवतो, आणि गाडीचा औताला धरला की मध्येच बसकण मारतो. जनावर वाईट नसतं, काम चुकलेलं असतं. तेव्हा तू मला एवढंच कळव, की लॅपटॉप कोणत्या कामाला हवा आहे. बाकीचं मी बघतो. निवडीच्या बाबतीत तुझ्या बापाचा हात धरणारा या गावात कुणी नव्हता, हे तुला माहीत आहे. आता निवडायला काही उरलं नाही, हा भाग वेगळा.

एक गोष्ट सांगायची राहिली. मागच्या आठवड्यात मी आपल्या जांभळीच्या वावराकडे गेलो होतो. म्हणजे आता तिथे जी काचेची इमारत आहे, तिच्याकडे. आपली विहीर कुठे होती ती जागा बाहेरून दिसते का, बघावं म्हटलं. गेटावरच्या वॉचमनने पास आहे का विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने मला बाजूला उभं केलं आणि एका गाडीला दार उघडून दिलं. मला राग आला नाही. मी मनात म्हटलं, थांब जरा. माझी लेक इंजिनीअर होऊन, गळ्यात कार्ड अडकवून याच गेटातून आत जाईल, तेव्हा तूच दार धरशील. माझं आता एवढंच मागणं उरलंय, शेफाली.

अभ्यास नीट कर. मेसचं जेवण कसंही असो, जेवत जा. लोभ आहेच, तो काही मागावा लागत नाही.

तुझे,
आबा

---

कराड,
२२ ऑगस्ट २००४

तीर्थरूप आबांस,
शेफालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी सहज लिहिलं आणि तुम्ही लगेच बाजाराला निघालात, हे वाचून हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. घाई करू नका.

तुम्ही काम विचारलंत. आमच्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारत नाही. सगळ्या रॅम किती, हार्ड डिस्क किती, एवढंच विचारतात. रॅम म्हणजे एका वेळी किती गोष्टी डोक्यात ठेवता येतात ते, आणि हार्ड डिस्क म्हणजे घरातली अडगळीची खोली, कितीही भरा. मला वाटतं मला रॅम जास्त लागेल, कारण माझ्या स्वतःच्या डोक्यात सध्या एका वेळी एकच गोष्ट राहते. स्क्रीन मोठा असला तर प्रोग्रॅम लिहायला बरं. पण मोठा घेतला तर जड होतो, आणि मला तो घेऊन फिरता आला पाहिजे. बॅटरी बराच वेळ टिकणारी हवी, इकडे वीज जाते. मुली म्हणतात सीडी रायटर हवाच. कशाला हवा, ते त्यांनाही सांगता आलं नाही. थोडक्यात, हलका हवा, पण मोठा हवा. हे वाचून तुम्ही डोक्याला हात लावला असेल.

कामाचं म्हणाल तर सबमिशन असतात, आणि गेल्या वर्षीचा एक विषय राहिलाय तो यंदा सोडवायचा आहे. लॅपटॉप असता तर खोलीतच सराव झाला असता, असं मला वाटलं. वाटतं. पुढच्या पत्रात नीट विचार करून लिहिते.

बाकी मजेत. माझी रूममेट सुहासिनी इथलीच, तिच्या घरची कृष्णेच्या काठी रोपवाटिका आहे. रविवारी मी तिच्याबरोबर जाते. तिच्या वडिलांनी मला पेरूचं कलम करायला शिकवलं. आबा, फांदीची साल अंगठीसारखी गोल काढायची, आतल्या लाकडाला धक्का लागू द्यायचा नाही, मग ओलं शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं. माझी पहिली सगळी वाळली, कारण मी सारखी सोडून बघत होते. तिचे वडील म्हणाले, जे वाढतंय त्याला एकटं सोडायला शिक. आता बांधलेल्यांतल्या तीन कलमांना पांढरी मुळं फुटलेली प्लॅस्टिकमधून दिसतात. मी ती कापून पिशवीत लावणार आहे. एक तुमच्यासाठी दिवाळीला आणते. आपल्या ओढ्याकाठच्या उरलेल्या दहा गुंठ्यांत लावू. तिथली माती अजून तशीच काळी आहे ना? की इंद्रजीतदादाने खोल्या बांधायला मुरूम टाकला?

आईला सांगा, मी जेवते. तुमचा लोभ माझ्या मार्कांवर नाही, हे मला माहीत आहे, तरी आणखी थोडा असू द्यावा.

आपली,
शेफाली

---

॥ श्री म्हातोबा प्रसन्न ॥

हिंजवडी,
१२ सप्टेंबर २००४

चि. शेफाली हिस अनेक आशीर्वाद.

काल दुकानात जाऊन आलो. श्रीनिवासला सुट्टी होती, त्याला बरोबर घेतला. इंद्रजीत गाडी घेऊन आलाच. दुकान टिळक रोडला, आत थंडगार, आणि लॅपटॉप दावणीला बांधल्यासारखे एका रांगेत मांडलेले. मला बरं वाटलं. म्हटलं, हा बाजार आपल्याला जमेल.

दुकानदार पेठेतला असावा. आपण आलो याचा त्याला आनंद झाला असेल तर त्याने तो दाखवला नाही. त्यानेही तेच विचारलं, कशासाठी हवाय. मी म्हटलं, तेच तर समजत नाही. तो म्हणाला, मग समजल्यावर या, आम्ही आठपर्यंत उघडे असतो. श्रीनिवासने मध्ये पडून सांभाळून घेतलं.

मग मी एकेक बघितला. बंद करून उघडला, बिजागरी ढिली आहे का पाहिली. पोटाखाली हात लावला तर एक चांगलाच तापला होता. मी विचारलं, काम न करता उभ्या जागी याला एवढा ताप का. श्रीनिवास म्हणाला, काका, चांगला प्रश्न आहे. मग प्रोसेसर, कॅश, बस असं काही तरी सुरू झालं. बस म्हणजे कंपनीची बस नव्हे, आतली वेगळी. माझ्या डोक्याचा भुगा झाला. इंद्रजीत तेवढ्या वेळात स्वतःसाठी एक घेऊन मोकळा झाला. त्याला काम नाही, पण लॅपटॉप आहे. तुला काम आहे, पण ते कोणतं, ते कळत नाही.

शेवटी एक बरा वाटला तेव्हा सवयीने मी उपरणं पुढे केलं आणि त्याखाली दुकानदाराचा हात धरायला गेलो, बोटांनी किंमत बोलावी म्हणून. तो म्हणाला, आमच्याकडे किमती उघड्यावर असतात. ते असो. मी म्हटलं, आठ दिवसांच्या बोलीवर द्या. घरी नेतो, कामाला लावून बघतो. पसंत पडला तर सौदा पक्का, नाही तर जसा नेला तसा आणून बांधतो, राग-रुसवा नाही. आयुष्यभर आपण जनावर असंच आणलं. औताला धरल्याशिवाय बैलाचं मन कसं कळणार? तो म्हणाला, आजोबा, एकदा पिशवीतून बाहेर काढला की तो तुमचा. न वापरता घ्यायचा, आणि घेतल्यावर परत द्यायचा नाही. या धंद्यात लोक लुबाडले कसे जात नाहीत, देव जाणे.

आणखी एक मनात आलं. बैल कधी एकटा घेत नाहीत. जोडीने घेतात, एकट्याला खांद्यावर ओझं पेलत नाही. तसे दोन घेतले तर? एक तुझ्याकडे, एक आमच्याकडे. श्रीनिवासला विचारलं तर तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, आयडिया वाईट नाही.

मी दसऱ्यापर्यंत थांबतो. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, त्या दिवशी घरात आणायचा. तोवर मला नीट उत्तर लिही, की औताला की गाडीला. पेरूचं कलम वाचलं. ओढ्याकाठी मुरूम टाकलेला नाही. इंद्रजीतने खोल्यांचा नकाशा मात्र काढून आणलाय. तू नोकरीला लागलीस की त्यातला वरचा मजला तुझा, असं मी त्याला सांगितलंय.

मुलीच्या जातीने उशिरापर्यंत नदीकाठी थांबू नये. आई आठवण काढते, मी काढत नाही असं नाही.

तुझे,
आबा

---

कराड,
२० ऑक्टोबर २००४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, त्याबद्दल रागवा. तीन कागद लिहिले आणि फाडले. हे फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

आबा, लॅपटॉप घेऊ नका.

तुम्ही विचारलंत, औताला की गाडीला. हा प्रश्न घेऊन मी दोन महिने फिरतेय. आधी मला वाटलं, हवा तो मिळाला की उत्तर आपोआप सुचेल. म्हणून सुहासिनीच्या मैत्रिणीचा लॅपटॉप आठवडाभर मागून आणला. चांगला होता. गरम होत नव्हता, हलका होता, बॅटरी टिकत होती. खोट त्याच्यात नव्हती. मी प्रोग्रॅम लिहिला, तो चालला. बाकीच्या मुलींचा प्रोग्रॅम चालला की त्यांचे चेहरे उजळतात. माझा फक्त जीव भांड्यात पडतो, की चला, आजचं संपलं. आणि मग मी खिडकीतल्या पेरूला पाणी घालते.

खरं सांगायचं तर ती ओळ मी लिहिली ती या आशेने, की लॅपटॉप आला तर मला हे सगळं आवडायला लागेल. दप्तर नवं असलं की शाळा आवडते ना, तसं. आता भीती वाटते, की तुम्ही तो आणलात तर मला कधीच नाही म्हणता येणार नाही. एवढ्या हौसेने आणलेल्या वस्तूला पाठ कशी दाखवायची?

तुम्ही विचाराल, मग हवंय काय. आबा, ते मला नक्की माहीत नाही. कधी वाटतं, रोपवाटिका काढावी. कधी वाटतं, हे रविवारचं वेड आहे, सोमवारी उतरेल. कधी वाटतं, गाव सोडून एवढं शिकायला आले आणि परत मातीत हात घालणार, लोक काय म्हणतील. शेती गेलेल्या घरातली मुलगी शेतीकडे बघते म्हणजे तिला अक्कल नाही, असं इंद्रजीतदादा म्हणेल, आणि तो अगदीच चूक आहे असंही मला वाटत नाही. माझं डोकं नुसतं गरगरतंय.

पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मनातून जात नाही. तुम्ही बैल आठ दिवसांच्या बोलीवर आणता. औताला धरून त्याचं मन बघता. आणि मला बारावीनंतर एकदम चार वर्षांसाठी जुंपलंत. मी तक्रार करत नाही. तुम्ही विचारलं होतंत, मीच म्हटलं होतं, हो आबा, बरं आबा.

म्हणून मागते. मलाही बोलीवर घरी न्या. दिवाळीपासून जूनपर्यंत. ओढ्याकाठचे दहा गुंठे मला द्या, खोल्या तोवर थांबवा. मी तिथे रोपं करून बघते. जमलं नाही तर जूनमध्ये जशी आणलीत तशी कराडला आणून सोडा. मी वर्ष पुरं करीन, इंजिनीअर होईन आणि त्या गेटातून आत जाईन. मग कधी कुरकुर करणार नाही.

तुमचं गेटाचं मागणं मला पाठ आहे. त्या वॉचमनचं वाचताना मला इथे रडू आलं होतं. ते मोडावं लागेल म्हणूनच हे पत्र इतके दिवस लिहवलं नाही. उत्तर काहीही असो, लिहा. तुम्ही गप्प राहिलात तर दिवाळीला घरी यायचं मला धैर्य होणार नाही.

माझ्यावरचा लोभ उतरला असेल तरी थोडा शिल्लक ठेवा.

आपली,
शेफाली

---

॥ श्री म्हातोबा प्रसन्न ॥

हिंजवडी,
२३ ऑक्टोबर २००४

चि. शेफाली हिस दसऱ्याचं सोनं आणि आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची काल दुपारपर्यंत वाट पाहिली. पोस्टमन आला तो विजेचं बिल घेऊन. मुहूर्त टळू नये म्हणून शेवटी गेलो आणि घेऊन आलो. लॅपटॉप घरात आहे!

कोणता घ्यावा याचा मी स्वतःच विचार केला, कारण तुझ्या पत्रावरून हलका आणि मोठा असं एकच जनावर बाजारात नाही, हे श्रीनिवासने सांगितलं. मग मी मोठा घेतला. छाती रुंद आहे. अक्षरं एवढी मोठी करता येतात की चष्मा न लावता मला दुकानाच्या दारातून वाचता आली. आवाज खणखणीत आहे. वजन आहे थोडं, पण उचलल्यावर हाताला कळलं पाहिजे की काही तरी आणलंय. हलक्या वस्तू वसतिगृहात चोरीला जातात. जोडी घेतली नाही, एकच घेतला. तुझ्या आईने दुसऱ्याला ठाम नकार दिला.

काल पूजा केली. कोयता, खुरपं, मापाची पायली आणि मध्ये लॅपटॉप. आईने त्याला हळद-कुंकू वाहिलं. थोडं कुंकू बटणांच्या फटीत गेलंय, श्रीनिवास ब्रशने काढतो म्हणालाय. त्याला फुंकर घालू नये असं त्याचं म्हणणं. शेजारच्या खुंटीवर आपल्या शेवटच्या जोडीचं दावं टांगलेलं आहे ना, तेही पूजेत ठेवलं. बैल विकताना आपण दावं देत नाही, ते घरीच ठेवतो, म्हणजे गोठा अगदी उघडा पडत नाही. काल बऱ्याच दिवसांनी गोठा भरल्यासारखा वाटला.

दिवाळीला आलीस की बरोबर घेऊन जा. मी आता निर्धास्त झालो.

आपट्याचं पान सोबत ठेवलं आहे, ते जपून ठेव. आमचा जीव तुझ्यापाशीच असतो.

तुझे,
आबा

---

हिंजवडी,
३० ऑक्टोबर

प्रिय शेफू,

आईचे खूप खूप आशीर्वाद. अक्षर लावून घे. सातवीनंतर मी किराण्याच्या यादीशिवाय काही लिहिलेलं नाही.

तुझं पत्र सोमवारी आलं. आबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, अर्धं झाल्यावर मनातच वाचलं. मग टोपी घातली आणि निघून गेले. कुठे गेले ते मला ठाऊक होतं. जांभळीच्या गेटावर. तिन्हीसांजेला परत आले, जेवले नाहीत, म्हणाले पोट जड आहे. सकाळपासून पोटात काही नव्हतं, जड कशाने होणार?

मला त्यांचा राग आला आणि तुझाही. त्यांचा यासाठी, की पोरीने मागच्या पत्रात लॅपटॉपबद्दल गोंधळ लिहिला आणि पेरूबद्दल साल कशी काढायची इथपर्यंत सगळं नीट लिहिलं. मी तेव्हाच म्हटलं होतं की हिचं मन कुठाय ते बघा. तर म्हणाले, तुला कॉम्प्युटरमधलं काय कळतं. मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण पोरीमधलं कळतं. आणि तुझा यासाठी, की तोंड उघडायला दोन महिने लावलेस. तोवर दसरा येऊन गेला.

इंद्रजीत आला होता. म्हणाला, 'काकी, पोरगी खुळी झालीया का? लोकं इथं नोकरीसाठी आंध्रातनं येत्यात आन् ही चाललीया चिखलात.' आबांनी खोल्यांचा नकाशा गुंडाळून त्याच्या हातात दिला. तो नेऊन ठेवायला दिला की कायमचा दिला, ते कुणालाच कळलं नाही.

लॅपटॉप दुकानदार परत घेत नाही. श्रीनिवास विचारून आला. म्हणून तो टेबलावर तसाच बसून होता, पाहुण्यासारखा. काल आबा त्याच्यासमोर जाऊन बसले. उघडला, मिटला, परत उघडला. श्रीनिवासने मराठी अक्षरं कशी काढायची ते दाखवलं. तेव्हापासून एका बोटाने टकटक चालू आहे. मी विचारलं, काय करताय. म्हणाले, कामाला लावून बघतोय.

ते काय लिहितात मला माहीत नाही. कुणाला बघू देत नाहीत. तू दिवाळीला ये. उत्तर येवो न येवो, चकल्या तर खायला येशील. आबांचा राग पुरणासारखा असतो, गरम असेतोवर हात लावायचा नाही. हे मी लग्नापासून बघतेय.

जीव लावून असणारी,
तुझी आई

---

॥ श्री म्हातोबा प्रसन्न ॥

हिंजवडी,
५ नोव्हेंबर २००४

चि. शेफाली हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिलेलं नाही, बटणं दाबून केलेलं आहे. श्रीनिवासने फक्त ते त्याच्या ओळखीच्या दुकानात छापून आणलं. एवढ्याला तीन दिवस लागले. रागाने लिहायला बसलो होतो, पण एका बोटाने राग लिहिता येत नाही. एकेक अक्षर शोधेस्तोवर तो निवतो. आधीचं सगळं पुसून टाकलं, हे उरलंय.

तुझं पत्र वाचून मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, अजून वाटतंय. त्या दिवशी गेटावर गेलो. वॉचमन तोच होता, त्याने पुन्हा पास विचारला. मी म्हटलं, आत जायचं नाही, नुसतं उभं राहायचंय. तो म्हणाला, उभे राहा. बराच वेळ उभा होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो दार धरत होता. त्याचं कामच ते आहे. परत येताना वाटलं, या एका दारासाठी मी तुला चार वर्षं कशाला जुंपली. विहीर आपली होती, ती गेली. ती तुझ्या गळ्यातल्या कार्डाने परत येणार नव्हती. मला ते कळत नव्हतं असं नाही, पण कळून घ्यायचं नव्हतं.

बोली मान्य आहे. जूनपर्यंत. दहा गुंठे काल इंद्रजीतच्या ट्रॅक्टरने नांगरून घेतले. तो तोंड वाकडं करून आला, पण आला. वरचे दगड निघाल्यावर माती खालून काळीच निघाली. पाण्याचं तू आल्यावर बघू. जूनमध्ये जमलं नाही असं वाटलं तर तुला कराडला आणून सोडीन, घरात कुणी एका शब्दाने विचारणार नाही. बोलीची रीतच तशी आहे, परत आलेल्या बैलाला कुणी हिणवत नाही. मला अजून हे सगळं नीट उमजलेलं नाही. तुलाही नाही, असं तू लिहिलंस. म्हणजे जोडी जमली म्हणायची.

लॅपटॉपचं म्हणशील तर तुझी आई परवा मला हसली. म्हणाली, मोठी अक्षरं, रुंद छाती, खणखणीत आवाज, हातात जड. अहो, हा तुम्ही पोरीसाठी नाही, स्वतःसाठीच निवडलाय. मी नाही म्हटलं. मग पत्र दाबायला बसलो तेव्हा बघितलं, खरंच चष्मा लागत नाही. तेव्हा हा आता माझा. तो मला सोसतो. अजून थोडा तापतो, पण तेवढा मीही तापतो.

तुला काय हवं ते तू आल्यावर सांग. लॅपटॉप हवा असला तर या वेळी तू पुढे चाल, मी मागे पिशवी धरतो. नको असला तर नको म्हण. कराडहून एवढ्या लांबून म्हटलंस तेही मला ऐकू आलं. घरात, समोर बसून म्हटलंस तर आणखी नीट ऐकू येईल.

ये. पेरू मांडीवर घेऊन बस, एस.टी.त वर टपावर टाकू नकोस.

तुझ्यावर लोभ असणारे,
आबा